अळीचा सत्कार

धुळ्यातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत असे आणि कीटकांची सुप्तावस्था हा माझा हातखंडा विषय होता. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की काही अळ्या खाणं बंद करतात, अंगातली चरबी जपून ठेवतात, श्वासही बेतानं घेतात आणि बरे दिवस येईपर्यंत निपचित पडून राहतात. हे मी दरवर्षी त्याच फळ्यावर, त्याच रंगीत खडूंनी, त्याच दोन विनोदांसह सांगत असे. विनोद कुठे येतो हे मुलांना आधीच्या तुकडीकडून कळलेलं असे, त्यामुळे ती वेळेवर हसत. माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्यानं मला ‘सुप्तावस्थेचे गाढे अभ्यासक’ म्हटलं. सभागृहातून जो हशा आला तो मी कौतुकाचा समजलो.

गाढ्या अभ्यासकाच्या सगळ्या अळ्या मात्र बरणीत होत्या, स्पिरिटमध्ये. त्यांच्या निपचितपणाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

माझी सासुरवाडी जळगाव जिल्ह्यात, नशिराबादच्या जवळ. बायकोचे थोरले भाऊ तिथे शेती करतात. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही म्हणतो. ते मला पाव्हणे म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला नातू झाले, तरी त्या घरात मी अजून पाहुणाच आहे. म्हणजे मला चहा पहिला मिळतो आणि माझं बोलणं शेवटी ऐकलं जातं.

थंडी पडली की नानांच्या शेतात भरताच्या पार्ट्या सुरू होतात. खानदेशाबाहेरच्या माणसाला भरीत म्हणजे ताटाच्या कडेला वाढायचा एक पदार्थ वाटतो. आमच्याकडे तो कार्यक्रम असतो. हिरवी, पांढुरकी, हातभर लांब वांगी कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घालायचे आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर, जमिनीवर बसून, उठता येणार नाही इतकं खायचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला नाना भरीत म्हणत नाहीत. ‘वांग्याची भाजी’ म्हणतात, आणि तेही दुःखानं.

म्हणून त्यांच्या गोठ्याला टेकून पऱ्हाट्यांचा एक मोठा ढीग वर्षभर उभा असतो. कापूस वेचून झाला की झाडं उपटायची आणि रचून ठेवायची. भरताला तीच, आंघोळीच्या बंबाला तीच. या वर्षीच्या पहिल्या भरताला, नव्या पऱ्हाट्या नुकत्याच रचलेल्या असताना, मी त्या ढिगाला पाठ टेकून बसलो होतो. हाताशी आलेलं एक न उमललेलं, काळं पडलेलं बोंड मी चाळा म्हणून तोडलं आणि मला आपण प्राध्यापक होतो हे आठवलं.

“नाना, या ढिगात तुमची पुढच्या वर्षीची बोंडअळी झोपली आहे.”

“झोपू द्या,” नाना वांगं उलटवत म्हणाले. “थंडीनं मरीन.”

“थंडीनं मरत नाही ती. त्यासाठीच तर झोपते.”

आणि मी सुरू झालो. दिवसाची लांबी, रात्रीचं तापमान, सरकीतलं तेल, चरबीचा साठा, रक्तातली साखर. गुलाबी बोंडअळी दोन सरक्या रेशमानं एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत कशी मुटकुळं करून राहते. उन्हाळा सरून पाऊस जवळ आला की तिचा पतंग होऊन तो कसा थेट नव्या कपाशीवर जातो. म्हणजे गोठ्याला टेकून ठेवलेला ढीग हा अळीला दिलेला फुकटचा बंगला कसा आहे. मी विनोदसुद्धा योग्य ठिकाणी केला. पण इथल्या मंडळींना आधीच्या तुकडीनं काही सांगितलेलं नव्हतं. कोणी हसलं नाही. माझ्या बायकोनं हळूच माझ्या ताटात अजून एक पुरी टाकली. तोंड बंद करण्याची तिची ही पद्धत जुनी आणि सभ्य आहे.

नाना मात्र ऐकत होते. मागच्या हंगामात त्यांची निम्मी बोंडं किडकी निघाली होती, आणि तो विषय निघाला की ते एरवी उठून बैलांकडे जात. या वेळी उठले नाहीत.

“पाव्हणे, एक सांगा. थंडीत जित्ती राह्यलेली अळी तुमी सोता पाह्यली का?”

मी म्हणालो, “पुस्तकात तिचं फार चांगलं चित्र आहे.”

यावर मात्र सगळे हसले. विनोद नेमका कुठे करावा हे मला निवृत्तीनंतर कळू लागलं होतं.

मग पैज लागली. नानांनीच लावली. या ढिगातल्या काही पऱ्हाट्या मी धुळ्याला न्यायच्या आणि गच्चीवर उघड्यावर ठेवायच्या. “तुमच्या धुळ्याची थंडी लई नामी ना? पेपरात येते. मंग तठीच ठेवा.” जानेवारीच्या शेवटी पुन्हा भरीत करायचं, तेव्हा त्या परत आणायच्या. अळी जिवंत निघाली तर नाना हा ढीग मोडणार, गोठ्याजवळ एक काडी ठेवणार नाहीत, आणि पुढेही कधी रचणार नाहीत.

“आणि मेलेली निघाली तर?”

“त तुमी भरताले या, पोटभर खा, पन भाषन करायचं नाही. कधीच.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, चुलीजवळून उठून आल्या आणि त्यांनीही वाजवल्या. त्या टाळ्या ढीग जाण्याच्या शक्यतेला होत्या असं मला वाटून घ्यायचं होतं.

खरं सांगायचं तर ढिगाची मला काळजी होती, पण भाषणाची जास्त होती. नानांची कपाशी वाचावी हे खरंच. पण त्याहून, या घरात एकदा तरी माझं म्हणणं खरं निघावं, ही इच्छा मोठी होती. ज्या माणसाला आयुष्यभर मुलं वहीत उतरून घेत होती, त्याला मेहुण्याच्या गोठ्यात कोणी ऐकत नाही, ही गोष्ट लहान नाही.

धुळ्याला आल्यावर मी पऱ्हाट्या टोमॅटोच्या एका जुन्या क्रेटमध्ये उभ्या ठेवल्या आणि क्रेट गच्चीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथे वारा थेट लागतो. मग एक बोंड फोडलं. आत दोन सरक्या चिकटलेल्या होत्या. पिनेनं त्या अलग केल्या, तर मधे ती. बोटाच्या पेराहून लहान, फिकट गुलाबी, काजूसारखी वाकलेली. मी पिनेच्या टोकानं जरा स्पर्श केला. तिनं डोकं थोडंसं हलवलं, एखाद्या झोपलेल्या माणसाला हाक मारल्यावर तो ‘हं’ करून कूस बदलतो तसं, आणि पुन्हा स्वस्थ झाली.

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडलो, “जिवंत आहे!”

खालून बायकोनं घाबरून विचारलं, “कोण?”

फळ्यावर मी तिचं जे चित्र काढत असे ते आता आठवलं. फार मोठं होतं आणि बरंचसं भेंडीसारखं. मी त्या दोन सरक्या पुन्हा एकमेकींवर बसवल्या, वर दोरा गुंडाळला आणि अपराधी मनानं बोंडात ठेवून दिल्या. कोणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं झालं होतं.

पुढचे काही दिवस मी फार असह्य झालो होतो, असं बायको म्हणते. सकाळी फिरायला येणारे माझे मित्र कानटोप्या घालून तापमानाच्या गप्पा मारतात. धुळ्याच्या माणसाला आपल्या थंडीचा अभिमान असतो. जळगावकर मे महिन्यात उन्हाचा आकडा मिरवतात, त्याचा सूड आम्ही डिसेंबरात घेतो. पारा खाली उतरला की इथे सगळ्यांचे चेहरे उजळतात, जणू तो प्रत्येकानं स्वतः ओढून खाली आणला आहे. त्या गप्पांत मी अळी आणली. मी म्हणालो, ही थंडी तिच्या खिजगणतीतही नाही. परदेशात असे कीटक आहेत की ज्यांच्या अंगातलं पाणी गोठून बर्फ होतं आणि वसंतात ते उठून चालू लागतात. काही अळ्या आपल्या रक्तात साखरेसारखी द्रव्यं वाढवतात, त्यामुळे रक्त गोठायलाच मागत नाही. एक मित्र निवृत्त अभियंता आहेत. ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “म्हणजे आपली थंडी थंडीच नाही, असं तुमचं म्हणणं?” दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या गटाबरोबर फिरू लागले.

इथवर विज्ञानावरचा माझा विश्वास अढळ होता. तो पिंपळनेरला ढळला.

हिवाळा हा आमच्या भागात शाळांच्या स्नेहसंमेलनांचाही हंगाम. निवृत्त प्राध्यापकाला या काळात मागणी असते, कारण तो मोकळा असतो, मानधन मागत नाही आणि मूळ प्रमुख पाहुणा येईपर्यंत बोलत राहू शकतो. माझ्या कपाटात सत्काराच्या शालींची एक थप्पी आहे. सगळ्या एकाच जातीच्या: वरून जरीचा काठ, खालून काहीच नाही. आरपार वर्तमानपत्र वाचता येतं. अशा एका संमेलनासाठी मी पिंपळनेरच्या बाजूला गेलो होतो. उघडं मैदान, संध्याकाळ, डोंगराकडून येणारा वारा आणि मूळ प्रमुख पाहुण्यांची गाडी ‘साक्रीहून निघालेली’. ती गाडी साक्रीहून फार वेळ निघत होती.

आम्हाला व्यासपीठावर ओळीनं बसवलं होतं. पाहुणे येईपर्यंत चहा द्यायचा नाही असं ठरलेलं असावं. मी हात काखेत घातले, पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी खाणं बंद केलं आहे, हालचाल कमी केली आहे, श्वास बेतानं घेतो आहे आणि बरे दिवस येण्याची वाट पाहतो आहे. शेजारचे संस्थाचालक तर माझ्याही पुढे गेले होते. ते मधूनमधून फक्त डोकं हलवत. चरबीचा साठा त्यांच्याकडे माझ्याहून चांगला होता. संपूर्ण व्यासपीठ सुप्तावस्थेत गेलं होतं, आणि ती मोडण्यासाठी लागणारा संकेत, म्हणजे गाडीचा हॉर्न, काही वाजत नव्हता.

शेवटी शाळेचा शिपाई मागून येऊन माझ्या कानाशी म्हणाला, “सर, बठ्ठा पोरं गारठी गयात. आते तुम्हीच आटपा.”

मी उठलो. विषय दिला होता, ‘विद्यार्थी आणि विज्ञान’. मी अळीवर बोललो. थंडीला न भिणारी अळी, असं म्हणताना माझे दात इतके वाजत होते की ध्वनिक्षेपकवाल्यानं यंत्रात बिघाड आहे असं समजून तार बदलली. भाषण संपल्यावर माझा सत्कार झाला आणि ती शाल मी, आयुष्यात पहिल्यांदा, उपयोगाची वस्तू म्हणून अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला घरी गच्चीवर गेलो तर पाण्याच्या टाकीचा नळ हाताला चटका बसावा इतका गार होता. क्रेटवर दव होतं. मित्रांच्या भाषेत सांगायचं तर पारा त्या दिवशी फारच कर्तबगार ठरला होता. मी क्रेटपाशी उभा राहिलो आणि आदल्या संध्याकाळचा वारा माझ्या हाडांतून अजून गेला नव्हता. सुप्तावस्था, साखर, चरबी हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण अंगात थंडी भरलेली असताना तोंडपाठ गोष्टींचा फारसा आधार वाटत नाही. एवढीशी अळी. बोंडाची एक पाकळी आणि दोन सरक्या, एवढंच पांघरूण. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पिंपळनेरची शाल क्रेटवर पांघरली. वारा उडवू नये म्हणून तिचे काठ खाली खोचले.

“हे काय चाललंय?” जिन्यात बायको वाळवणाची परात घेऊन उभी होती.

“धूळ बसते,” मी म्हणालो.

“तिला थंडी वाजत नाही म्हणता ना तुम्ही? साऱ्या धुळ्याला सांगत फिरता.”

“वाजत नाहीच. ही फक्त खबरदारी.”

तिनं परात खाली ठेवली आणि शालीकडे पाहिलं. “निदान बरी तरी शाल द्यायची,” ती म्हणाली. “ही तर अळीलासुद्धा पुरायची नाही.”

शाल मी त्याच सकाळी काढणार होतो. पण दुसऱ्या दिवशीही थंडी होती, तिसऱ्याही. आणि अशाच एका सकाळी, मी शालीचा काठ नीट करत असताना, मागून आवाज आला, “अरे वा! सत्कार करी राह्यले का अळीचा?”

नाना होते. बहिणीला भरताची वांगी द्यायला पहाटेच्या बसनं आले होते. धुळ्याच्या वांग्यांवर त्यांचा विश्वास नाही. खांद्यावर वांग्यांची पिशवी तशीच ठेवून ते क्रेटभोवती एक फेरी मारून आले, लग्नघरात आहेर पाहतात तसे.

“जरीची हाये,” ते म्हणाले. “नारळ कुठी गेला?”

“नाना, ते जरा धूळ—”

“धूळ? बरं, बरं.” त्यांनी शालीचा कोपरा बोटात धरून उचलला आणि खाली वाकून पऱ्हाट्यांना म्हणाले, “बाई, तुमी गाढे अभ्यासक, लांबून आल्या, आमचं भाग्य.” मग माझ्याकडे वळून, आवाज एकदम बदलून: “पैज मोडली पाव्हणे. उघड्यावर म्हनलं होतं मी. शालीतली अळी चालत नाही.”

मी बाजू मांडली. ही शाल म्हणजे पांघरूणच नव्हे, हिच्यातून वारा जसाच्या तसा जातो, हवं तर अंगावर घेऊन पाहा, असं मी म्हणालो. त्यांनी घेतली. गच्चीवर जरा वेळ उभे राहिले. “हे खरं हाये,” म्हणाले. पण पैज मोडली ती मोडलीच.

खाली येऊन चहा पिताना मला खरोखर वाईट वाटत होतं. माझं भाषण गेलं तर गेलं. पण मी केलेल्या मूर्खपणामुळे तो ढीग गोठ्याशी राहणार, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातले पतंग नानांच्याच कपाशीवर जाणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, “नाना, तुम्ही माझ्याकडे बघू नका. तुम्हीच ठेवा तिला, तुम्हाला पटेल तशी. पण ढिगाचा निकाल लावल्याशिवाय सोडू नका.”

नानांनी बशीतला चहा संपवला. मिशा पुसल्या. “ठेवतो. आमच्या फ्रीजमधी ठेवतो. धुळ्याहून गार हाये तो.”

त्यांनी बायकोकडून एक पेढ्यांचा रिकामा डबा घेतला, पऱ्हाट्यांवरची किडकी बोंडं तोडून त्यात भरली. आणि ते निघता निघता माझ्या तोंडून गेलं, “नाना, बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका हं. खालच्या कप्प्यात.”

“का? मरीन?”

“आपली अळी बर्फाच्या देशातली नाही, म्हणून म्हटलं.”

“पाव्हणे,” नाना चपला घालत म्हणाले, “तुमचा तिच्यावर भरोसा हाये का नाही, एकदा पक्कं सांगा.”

बायकोनं माझ्या वतीनं त्यांना पाण्याची बाटली दिली.

जानेवारी संपता संपता आम्ही भरताला गेलो. दुपार कलली होती. चुलाणावर वांगी चढली होती, शेजारपाजारची आठ-दहा मंडळी जमली होती, आणि वहिनींच्या हातात तो पेढ्यांचा डबा होता. नानांनी त्यांना ‘नवीन बियाणं आहे, गार राहिलं पाहिजे’ एवढंच सांगितलं होतं. सरकी म्हणजे बियाणंच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

“आमच्या फ्रीजमधी लिंबाच्या लोणच्याजवळ ठेवलं होतं हे,” वहिनी कौतुकानं म्हणाल्या. “आता पेराचं का?”

“हे उगवत नाही, वहिनी,” मी म्हणालो. “उडतं.”

डब्यात काय आहे हे कळल्यावर वहिनी नानांना जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी लोणच्याची बरणी बैलांच्या मागे उकिरड्यावर गेली आणि नाना तिच्याकडे फार वेळ बघत होते.

मग मी पोतं अंथरून बसलो आणि बोंडं फोडू लागलो. मंडळी भोवती उभी राहिली. पहिल्यातल्या सरक्या पोखरलेल्या, आत नुसता काळा भुगा. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात जोडलेल्या सरक्या मिळाल्या, मी त्या अलग केल्या, आत अळी होती, वाकडी, दगडासारखी. मी पिनेनं हलवली. ती सबंध हलली, जसा दगड हलतो.

“मेली,” कोणीतरी म्हणालं.

“फ्रीजमधून आली आहे,” मी म्हणालो. “जरा थांबावं लागेल.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पेपर वाईट गेल्यावर निकालाच्या फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाचा असतो, तसा होता.

नानांनी हात पुढे केला. मी अळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते चुलाणाजवळ उकिडवे बसले आणि हात धगीच्या कडेला धरला, वांगं किती भाजलं हे पाहताना धरतात तेवढ्याच अंतरावर. वांग्याचं साल तडकल्याचे आवाज येत होते. मी तिकडे पाहायचं टाळत होतो आणि तिकडेच पाहत होतो.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग नानांच्या कपाळावर एक आठी आली.

“गुदगुल्या करी राह्यली,” ते म्हणाले.

सगळे वाकले. अळीनं डोकं उचललं होतं. ती त्यांच्या तळहातावरच्या एका रेघेतून सावकाश पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. सकाळी उठून चष्मा शोधणाऱ्या माणसासारखी. वहिनी लोणचं विसरून म्हणाल्या, “अगं बाई, जित्ती हाये.”

नाना काही वेळ तळहात बघत बसले. मग त्यांनी गोठ्याकडे, त्या ढिगाकडे पाहिलं. असं पाहताना मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, त्यांचा म्हातारा बैल विकायचं ठरलं तेव्हा. मग त्यांनी हात चुलाणावर नेला आणि उलटा केला. अळी आगीत पडली. मी ‘अहो’ म्हणालो. का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. ढीग मोडा म्हणून मीच तर सांगत होतो.

“ढीग जाईन,” नाना उठत म्हणाले. “काडी बारीक करायचं यंत्र येते भाड्यानं, उद्याच बोलावतो. भरताले तुरीची काडी चालीन.”

मी घसा साफ केला. एवढ्या लोकांपुढे, एवढ्या योग्य क्षणी, दोन शब्द बोलणं माझं कर्तव्यच होतं.

“तुमी खाली बसा,” नाना म्हणाले.

“पण नाना, पैज—”

“पैज अळीनं जिंकली. मी हरलो, म्हनून ढीग चालला. तुमी कुठी जिंकले? तुमी तिले शाल पांघरली, बर्फात ठेवू नका म्हनले. तुमाले तिच्यावर भरोसाच नव्हता. भाषन बंद ते बंद.”

मी बायकोकडे पाहिलं. ती वांगी सोलत होती आणि मान खाली घालून हसत होती. मी खाली बसलो.

पंगत बसली आणि मग जे झालं ते मी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. नानांनी भाषण केलं. बसून नव्हे, उभं राहून, हातात उलथनं घेऊन. जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या गोठ्याला असेच ढीग टेकलेले होते. नाना म्हणाले, ही अळी थंडीत खात नाही, पीत नाही, नुसती पडून राहते. तिच्या अंगात साखर असते, ट्रॅक्टरच्या रेडिएटरात आपण कूलंट टाकतो तशी, म्हणून ती गोठत नाही. इथवर बरोबर होतं. कूलंटची उपमा मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती, आणि तिचा मला जरा रागही आला. मग ते म्हणाले की म्हणून तिला डायबेटीस असतो. मी मान वर केली. मग ते म्हणाले की तिला दिवस किती लहान झाला ते बरोबर कळतं, कारण ती रोज सकाळी बोंडातून डोकं काढून सूर्य बघते. मी तोंड उघडलं. नानांनी उलथनं माझ्याकडे रोखलं. बायकोनं माझ्या ताटात पुरी टाकली आणि मी ती तोंडात घातली.

“असं कोनी सांगितलं, नाना?” समोर बसलेल्या एका शेजाऱ्यानं विचारलं.

“सांगाले कोन पाह्यजे? या हातावर घेतली मी तिले.”

त्यांनी तळहात सगळ्यांना दाखवला. तळहातावर काहीच नव्हतं, पण प्रत्येकानं वाकून पाहिलं. तो शेजारी थोडा वेळ भरीत चिवडत राहिला आणि मग म्हणाला, “यंत्र येईन तवा माझ्याबी ढिगाकडे पाठवा.” त्याच्या पलीकडचाही म्हणाला. तिसऱ्यानं फक्त मान हलवली, पण हलवली.

मी त्यांना सांगू शकलो असतो की ती डोकं काढून सूर्य बघत नाही, उजेड तिला आत बसूनही कळतो, आणि मधुमेहाचा इथे काही संबंध नाही. पण त्यांनी मला विचारलं नाही, आणि मला परवानगी नव्हती. शिवाय तोंडात पुरी होती. ती गार झाली होती. पुऱ्या गरम राहाव्यात म्हणून बायकोनं धुळ्याहून येताना पाटीवर टाकायला एक शाल आणली होती, आणि ती कोणती हे मी पाहिलं नाही.

“पाव्हण्यांले वाढा,” नाना वहिनींना म्हणाले. “आज कसे चूप बसले हायेत.”